आयडियल होम शोचं तिकीट काढावं का? तीनदा जाऊन आल्यावर सांगते

तुमचा प्रश्न असा की लंडनजवळ स्लाऊमध्ये तीन बेडरूमचं सेमी, म्हणजे एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी जोडलेलं घर घेतलंय, चावी मिळून महिना झाला, सोफा, किचन, पडदे सगळंच व्हायचंय आणि मिस्टर म्हणतायत लंडनच्या ऑलिंपिया हॉलमधल्या आयडियल होम शोचं, म्हणजे घरसामानाच्या त्या मोठ्या प्रदर्शनाचं तिकीट काढू, एका दिवसात सगळं उरकेल. सोबत चार वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेल्या सासूबाई. जावं का, आणि गेलो तर काय घ्यावं.

जा की. पण ते 'एका दिवसात उरकेल' तेवढं डोक्यातून काढा, कारण तिथे एका दिवसात फक्त पैसे उरकतात. आम्ही हॅरोला घर घेतल्यापासून तीनदा जाऊन आलोय, पहिल्यांदा अगदी तुमच्यासारखंच, रिकामं घर आणि हातात यादी. त्यामुळे जे सांगते ते पाय दुखवून घेतलेलं ज्ञान आहे.

आधी तिकिटाचं. दारावर काढू नका, ऑनलाईन आधी काढलं की स्वस्त पडतं, आणि कुठल्या ना कुठल्या मासिकाचे वगैरे सवलतीचे कोड फिरत असतात, आम्हाला एकदा फुकटचा मिळाला होता. गंमत म्हणजे फुकट गेलो त्या वर्षी आमची खरेदी सगळ्यात शहाणपणाची झाली. पैसे मोजून आत शिरलं की पहिल्या मिनिटापासून तिकीट वसूल करायची घाई सुटते, अनलिमिटेड थाळीत पोट भरल्यावरही आपण चौथी पुरी घेतो ना, तसं. तिकीट वीस पाउंडांच्या आतबाहेर असेल आणि ते वसूल करायला माणूस शेकडो पाउंडांच्या कागदावर सही करतो. हे मी दुसऱ्यांचं नाही सांगत, आमचंच सांगते.

दुसऱ्याच एका प्रदर्शनातली गोष्ट आहे, कंपनीचं नाव घेत नाही. खिडक्यांच्या ब्लाइंड्सचा स्टॉल, गोड बोलणारा मुलगा, 'आज बुक केलं तर चाळीस टक्के कमी, उद्या ही किंमत नाही'. मी म्हटलं मापं घरी आहेत, तर तो म्हणे अंदाजे सांगा ना, आणि बोलता बोलता क्लिपबोर्ड माझ्यासमोर आणि पेन माझ्या हातात. नवऱ्याने फोनमधला एक फोटो बघून रुंदी सांगितली. ३४० पाउंड. सहा आठवड्यांनी ब्लाइंड्स आले, ते खिडकीच्या खाचेच्या आतल्या मापाऐवजी बाहेरच्या मापाने, दोन सेंटीमीटर जास्त. परत घेणार नाही म्हणाले, आणि मी तावातावाने 'चौदा दिवसांत कॅन्सल करायचा हक्क आहे' म्हणायला गेले तर तो हक्क मला नव्हताच!

इथे जरा थांबते, कारण बऱ्याच जणांचा ह्याच्यात घोळ होतो. ते चौदा दिवस इथल्या २०१३ च्या ग्राहक नियमांतले आहेत आणि ते ऑनलाईन, फोनवर किंवा दुकानाबाहेर, म्हणजे विक्रेता तुमच्या घरी येऊन सही घेतो वगैरे, अशा खरेदीला लागतात. दुकानात जाऊन घेतलेल्या वस्तूला लागत नाहीत. मग प्रदर्शनातला स्टॉल दुकान की दुकानाबाहेर? बर्लिनच्या एका मोठ्या जत्रेवजा प्रदर्शनात कोणीतरी सोळाशे युरोंचा वाफेचा व्हॅक्यूम क्लीनर घेतला होता, त्यावरून प्रकरण युरोपियन कोर्टापर्यंत गेलं आणि २०१८ साली कोर्टाने सांगितलं की इथे विक्री चालते आणि विक्रेता आपल्याला गाठणार हे साध्या, जागरूक ग्राहकाच्या लक्षात येण्यासारखं असेल तर तो स्टॉल त्या व्यापाऱ्याचं दुकानच धरता येतो. आयडियल होम शोला तर आपण खरेदीसाठीच तिकीट काढून जातो, मग 'मला माहीत नव्हतं' कोणत्या तोंडाने म्हणणार. त्यात माझे ब्लाइंड्स मापाने बनवलेले, आणि मापाने बनवलेल्या मालाला तसेही ते चौदा दिवस नाहीत. म्हणजे दोन्हीकडून गेले. माल सदोष निघाला तर गोष्ट वेगळी, २०१५ च्या ग्राहक कायद्याने तीस दिवसांत परत करून पैसे मागता येतात, पण माप तुम्हीच चुकीचं दिलं असेल तर दोष कोणाचा?

म्हणून आमच्या घरचा आता नियम आहे, मापाने बनणारं काहीही तिथे सही करून यायचं नाही. किचन, वॉर्डरोब, ब्लाइंड्स, खिडक्या, सगळं ह्यात आलं. लेखी कोटेशन मागायचं, त्यावर किती दिवस ही किंमत राहील ते लिहून घ्यायचं आणि घरी येऊन रात्री कंपनीज हाऊसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या साइटवर नाव टाकायचं, फुकट दिसतं, कंपनी कधी निघाली, हिशेब वेळेवर भरलेत का. खिडक्यावाला असेल तर फेन्सा किंवा सर्टास ह्या खिडक्या बसवणाऱ्यांच्या मान्यताप्राप्त योजनांचा सदस्य आहे का ते बघा, नाहीतर उद्या घर विकताना वकील त्या खिडक्यांचं सर्टिफिकेट मागेल आणि तुम्ही ड्रॉवर उपसत बसाल. 'फक्त आज' वाली किंमत चार दिवसांनी फोन करून मागितलीत ना तरी बहुतेकदा मिळते, मला दोनदा मिळाली आहे.

आणि जे काही द्याल ते क्रेडिट कार्डाने, निदान डिपॉझिट तरी. वस्तूची किंमत १०० पाउंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत असेल तर १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट कायद्याचं कलम ७५ लागतं, म्हणजे विक्रेत्याने दिवाळं काढलं किंवा माल पाठवलाच नाही तर कार्ड कंपनीकडे पूर्ण रकमेचा दावा करता येतो, कार्डावर नुसतं डिपॉझिट दिलेलं असलं तरी. डेबिट कार्डाला हे कलम नाही. बँक ट्रान्सफर मागितली तर नमस्कार करून पुढे चालायला लागा.

आता किचन, कारण खरा फायदा तिथे आहे. ऑनलाईन फोटोत कळत नाही ते तिथे हाताला कळतं. ओट्यासमोर उभं राहून पोळी लाटायची नक्कल करा, खरंच करा, लाजू नका. इथे ओट्याची उंची साधारण ९०० मिलिमीटर असते, मी पाच फूट एक इंच, माझे खांदे वर येतात. हे स्टॉलवर लक्षात आलं म्हणून आम्ही लाटण्यापुरता एक भाग खाली करून घेतला.

मग चिमणी. ह्या बाबतीत सेल्समनशी जरा हुज्जत घालायला हवी. शोमध्ये ओट्याच्या मधोमध, हॉबच्या, म्हणजे शेगडीच्या आतूनच हवा खाली ओढणारी चिमणी दाखवतात, दिसायला फार देखणी. मी त्याला विचारलं, उंच पातेल्यात सांबार उकळतंय, वाफ पातेल्याच्या तोंडातून निघतेय, ती एवढी खाली ओढली जाईल का? तर म्हणे मॅडम झाकण थोडं कलतं ठेवा. म्हणजे झालं! मिरचीची फोडणी काय झाकण ठेवून देणार? आणि दुसरा प्रश्न, हवा बाहेर जाते की कार्बन फिल्टरमधून फिरून परत घरातच येते? घरातच येत असेल तर आपल्या स्वयंपाकाला तिचा फार उपयोग नाही, वरच्या मजल्यावरच्या स्वेटरला लसणाचा वास येणार म्हणजे येणार. इंग्लंडच्या बिल्डिंग रेग्युलेशन्समध्ये हॉबजवळच्या, हवा बाहेर टाकणाऱ्या पंख्याला सेकंदाला ३० लिटर एवढी किमान क्षमता सांगितली आहे, आणि ती किमान आहे, आपल्या घराला त्याच्या कितीतरी वरची घ्या. भिंतीतून डक्ट कुठून निघेल ते आधी घरी बघून जा, नाहीतर तिथे सगळे 'होईल हो' म्हणतात.

भांड्यांचे डेमो बघा, मजा येते. कानाला माइक लावलेला माणूस, पॅनमध्ये तेल न घालता अंडं, ते बर्फावर सरकल्यासारखं सरकतं, भोवती दोनशे लोक. जाताना घरून फ्रिजवरचं एक चुंबक पर्समध्ये टाका. पॅनच्या बुडाला चिकटलं तर इंडक्शनवर चालेल, नाही चिकटलं तर ठेवून द्या. माझ्याकडे पंढरपूरच्या विठ्ठलाचं चुंबक होतं, ते मी एका स्टॉलवर बारा पॅनना लावून बघितलं, तो माणूस शेवटी हसायला लागला. तिथून आणलेलं एक पॅन सहा वर्षं झाली थालीपीठाला वापरतेय, काही तक्रार नाही.

सोफा नुसता बसून बघू नका, घराचा दरवाजा, पॅसेजचं वळण आणि वर न्यायचा असेल तर जिना मिलिमीटरमध्ये मोजून न्या. इथल्या आतल्या दारांची रुंदी बऱ्याचदा ७६२ मिलिमीटर, त्यातून चौकटीच्या पट्ट्या, रेडिएटर, कठडा वजा करा. आमच्या शेजाऱ्यांचा सोफा दोन दिवस समोरच्या हिरवळीवर पावसात होता. गादीवर मात्र बूट काढून दहा मिनिटं खरंच झोपा, कोणी काही म्हणत नाही.

शो होम्स म्हणजे हॉलमध्येच उभी केलेली आख्खी घरं, ती सासूबाईंना जरूर दाखवा. माझ्या सासूबाई एका घरात शिरल्या, चहूकडे बघितलं आणि म्हणाल्या, 'सगळं छान आहे गं, पण चपला कुठे काढायच्या?' आणि खरंच नव्हती जागा. मग आम्हाला खेळच लागला, मिक्सर कुठे, तांदळाचा डबा कुठे, देवघर कुठे, ओले टॉवेल कुठे. आमच्या घराच्या पॅसेजमधलं कपाट त्या एका वाक्यातून झालं. ही सजवलेली घरं म्हणजे शेवटी नेपथ्यच असतं. हे प्रदर्शन डेली मेलने १९०८ मध्ये ऑलिंपियातच सुरू केलं, आणि १९५६ च्या प्रदर्शनात ॲलिसन आणि पीटर स्मिथसन ह्या आर्किटेक्ट नवराबायकोने 'भविष्यातलं घर' मांडलं होतं, सगळं घर प्लास्टिकमध्ये साच्यातून काढल्यासारखं गुळगुळीत, आत नट-नट्या राहत असल्याचं दाखवत होते. प्रत्यक्षात ते प्लायवूड होतं, वरून लेप आणि रंग! सत्तर वर्षं होत आली, तरी भिंतीवर टिचकी मारून बघायची माझी सवय काही जात नाही.

जायचं कसं तर स्लाऊहून एलिझाबेथ लाइनने ईलिंग ब्रॉडवे, तिथून सेंट्रलने शेपर्ड्स बुश, आणि ओव्हरग्राउंडने एकच स्टेशन केन्सिंग्टन ऑलिंपिया. डिस्ट्रिक्ट लाइनवर विसंबू नका, ती तिथे मुख्यतः शनिवार-रविवारीच जाते. गाडी नका काढू. शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी उघडताच आत शिरा, दुपारनंतर बसायला खुर्ची मिळत नाही. सासूबाईंसाठी घडीचं स्टूल न्या, थेपले न्या, आत चहा-सँडविचचे भाव बघून त्या उपाशी राहायचं म्हणतील. चार वर्षांच्या मुलाचं तीन तासांच्या पुढे काही खरं नाही, त्यामुळे किचन आणि गाद्या आधी, झाडं आणि सुऱ्या-मॉप शेवटी. शेवटच्या दिवशी काही स्टॉलवाले मांडलेला माल परत न्यायला नको म्हणून स्वस्तात काढतात, दिवे, आरसे, कुंड्या वगैरे, तेव्हा घासाघीस करायला मजा येते, पण ते घरी कसं न्यायचं ते आधी ठरवा. आम्ही एकदा चार फुटी आरसा ट्रेनमधून आणलाय, तासाला एकच गाडी, ती खचाखच भरलेली आणि सगळा डबा स्वतःला बघतोय.

आणि तुमच्या पुढच्या बेडरूमच्या खिडकीची रुंदी कळवा. आमचे ते ब्लाइंड्स अजून गॅरेजमध्ये कोरे पडलेत, राखाडी रंग, १२२ सेंटीमीटर. बसले तर फुकट घेऊन जा, फक्त आधी खाचेच्या आतून तीन ठिकाणी मोजा.