वाचकांचे प्रश्न : पूर ओसरल्यावरची पिल्लं

प्रश्न : निफाडजवळ गोदाकाठी आमचं रान आहे. पूर ओसरला की खोलगट भागात डबकं उरतं, त्यात माशांची पिल्लं वळवळतात आणि आठवड्यात मरतात. असं का?

उत्तर : चढणीचे मासे, म्हणजे पावसाळ्यात अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध चढणारे, पुराच्या पाण्यासोबत काठावर येतात. बुडालेल्या गवतात धार संथ असते आणि खाद्य मुबलक. रोहू-कटल्याची अंडी साधारण १४ ते १८ तासांत फुटतात. पाणी झपाट्याने उतरलं की पिल्लं मागे अडकतात.

मारतं ते कुजणारं गवत. ते पाण्यातला प्राणवायू खातं. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, म्हणून पहाटे तो सर्वांत कमी असतो. सूर्योदयाआधी पिल्लं पृष्ठभागावर तोंड उघडून घुटके घेताना दिसली, तर त्याच सकाळी ती नदीत हलवा.

बारीक जाळीने हळू गोळा करा. १० लिटर पाण्यात बोटाएवढी वीसच ठेवा. गर्दी केली की वाटेतच जातात. बादली १५ मिनिटं नदीत टेकवून तापमान जुळू द्या, मग संथ काठाला सोडा. तिलापिया मात्र सोडू नका, तो परदेशी आहे.

डबकं बुजवायचा मोह आवरा. नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचे बगळे अशाच उथळ पाण्यावर चरतात.