चॅरिटीसाठी खेळाडूंच्या वस्तूंचा लिलाव केला तर खरंच चांगले पैसे जमतात का?

हो जमतात, पण वस्तू खरंच एकमेव असेल आणि ती मिळवायला निदान दोन पैसेवाले इरेला पेटले तरच. शेन वॉर्नने जानेवारी २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वणवाग्रस्तांसाठी स्वतःची वापरलेली हिरवी टेस्ट कॅप लिलावाला काढली, तिला १० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या वर बोली लागली, आणि धोनीने वानखेडेवर २०११ च्या फायनलला ज्या बॅटने शेवटचा सिक्स मारला ती त्याच वर्षी लंडनमध्ये १ लाख पौंडांना गेली. कारण सरळ आहे, वस्तू फुकट मिळालेली असते त्यामुळे येणारी जवळपास सगळी रक्कम कामाला जाते, आणि नुसती देणगी मागितली तर माणूस हात आखडतो पण समोरचा बोली वाढवतोय म्हटल्यावर तोच हात सैल सोडतो.

फक्त दुकानातून नवीन बॅट आणून तिच्यावर सही घेतली तर एवढं काही मिळत नाही, अशा बॅटी ढिगाने असतात. आणि सही घेतानाचा फोटो नाहीतर खेळाडूचं पत्र जवळ ठेवाच, त्याशिवाय मोठी बोली कुणी लावत नाही.