मोठ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये आयटी व्यवस्था भरवशाची आणि परवडणारी कशी ठेवावी?

आपला प्रश्न असा आहे की, अनेक शाळा, हजारो विद्यार्थी आणि मोजके तंत्रज्ञ असलेल्या अमेरिकेतील स्कूल डिस्ट्रिक्टने (एका भागातील सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) खर्च आटोक्यात ठेवून आयटी व्यवस्था भरवशाची कशी ठेवावी. याच क्षेत्रात काम करताना माझे मत असे बनले आहे की, खरा खर्च खरेदीपेक्षा उपकरणांच्या सरमिसळीमुळे वाढतो. प्रत्येक शाळेने आपल्या पसंतीचे स्विच (संगणक व इतर उपकरणे तारांनी नेटवर्कला जोडणारे उपकरण) आणि ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय पुरवणारे उपकरण) घेतले, तर प्रत्येक बिघाडासाठी वेगळे सुटे भाग आणि वेगळा कंत्राटदार शोधावा लागतो. याउलट सर्वत्र स्विचची दोनच मॉडेल्स असतील, तर काही जादा नग कपाटात ठेवून बिघडलेला स्विच त्याच दिवशी बदलता येतो आणि तातडीच्या सेवेचा महागडा करार बहुतेक ठिकाणी लागत नाही. मुख्य फायरवॉल (बाहेरून येणारी धोकादायक रहदारी अडवणारी यंत्रणा) आणि कोअर स्विच (सर्व शाळांची नेटवर्के जोडणारा मध्यवर्ती स्विच) यांचा करार मात्र मी कधीही रद्द करणार नाही, कारण तेथील बिघाडाने सर्व शाळा एकाच वेळी खोळंबतात.

नेटवर्कच्या पैशासाठी पहिला आधार 1996 च्या दूरसंचार कायद्यातून आलेल्या ई-रेट योजनेचा आहे. विद्यार्थ्यांमधील गरिबीचे प्रमाण आणि शाळांचा ग्रामीण किंवा शहरी भाग पाहून इंटरनेट जोडणीवर 20 ते 90 टक्के सवलत मिळते; शाळेच्या आतील वाय-फाय, स्विच आणि केबलिंगसाठी ही मर्यादा 85 टक्के आहे आणि त्यांचे अंदाजपत्रक पाच वर्षांसाठी एकत्र ठरते. म्हणून उपकरणे बदलण्याचे वेळापत्रक याच पाच वर्षांच्या चक्राशी जुळवावे. फॉर्म 470 (ई-रेटसाठी निविदा मागवण्याचा अर्ज) प्रसिद्ध केल्यावर किमान 28 दिवस थांबावे लागते आणि निविदांच्या गुणांकनात किमतीला सर्वाधिक वजन द्यावे लागते, त्यामुळे तांत्रिक गरजा ढिसाळ लिहिल्या तर स्वस्त पण विसंगत उपकरणे गळ्यात पडतात.

विद्यार्थ्यांचे लॅपटॉप ई-रेटमध्ये बसत नाहीत. महामारीच्या काळात आपत्कालीन निधीतून असंख्य उपकरणे एकदम घेतली गेली, म्हणजे ती एकदमच जुनी होणार, आणि तो निधी तर 2024 मध्ये संपला. त्यामुळे दरवर्षी चौथा किंवा पाचवा हिस्सा बदलण्याची तरतूद नियमित अंदाजपत्रकातच असावी, असा आग्रह मी शाळा मंडळापुढे धरतो. क्रोमबुक (गुगलच्या क्रोमओएस प्रणालीवर चालणारे लॅपटॉप) घेताना हेही पाहावे की अपडेटची दहा वर्षे खरेदीपासून नव्हे, तर त्या हार्डवेअर प्लॅटफॉर्मच्या पदार्पणापासून मोजली जातात. सवलतीत विकले जाणारे जुने मॉडेल म्हणूनच अनेकदा महाग पडते. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपल्यावर अडगळीत गेलेले काही संगणक क्रोमओएस फ्लेक्सवर (जुन्या संगणकांवर बसवता येणारी क्रोमओएसची आवृत्ती) अजून चालवता येतात, पण आधी चाचणी घ्यावी.

सुरक्षेवर काटकसर करू नये. सप्टेंबर 2022 मध्ये लॉस एंजेलिसच्या डिस्ट्रिक्टवर रॅन्समवेअर (माहिती अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) हल्ला झाला, खंडणी नाकारल्यावर चोरलेली माहिती उघड करण्यात आली. कर्मचाऱ्यांसाठी दुहेरी पडताळणी (पासवर्डसोबत ओळखीचा दुसरा पुरावा) सक्तीची करावी, बॅकअपची एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असावी आणि ती प्रत्यक्ष पूर्ववत करून पाहण्याची तालीम उन्हाळी सुटीत, विद्यार्थी नसताना, घ्यावी.