फुटबॉलच्या चाहत्यांचा धर्म निघाला तर तो कसा असेल?

देव कोण, दीक्षा कशी मिळते, सणवार कोणते, असं तुम्ही विचारलंय. एका ठिकाणी असा धर्म निघालेलाच आहे. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरात १९९८ साली मॅराडोनाच्या भक्तांनी त्याच्या नावाचं चर्च काढलं. त्यांची कालगणना त्याच्या जन्मापासून, म्हणजे १९६० पासून सुरू होते. त्याचा वाढदिवस ३० ऑक्टोबर, तो त्यांचा नाताळ. दुसरा मोठा सण २२ जूनला, कारण १९८६ च्या वर्ल्ड कपमध्ये त्या दिवशी त्याने इंग्लंडला दोन गोल मारले, पहिला हाताने आणि दुसरा अर्ध्या मैदानापासून एकेकाला चकवत नेऊन. त्यांच्या दहा आज्ञाही आहेत. पहिल्या मुलाचं नाव दिएगो ठेवावं, ही त्यातलीच एक.

त्यांच्या भक्तीबद्दल मला आदर आहे, पण आमचा पंथ वेगळा. आमच्याकडे देव म्हणजे क्लब, आणि खेळाडू पुजारी. पुजारी बदलतात. आमचा क्लब इंग्लंडचा लिव्हरपूल. त्याच्या फर्नांडो टोरेसच्या नावाची जर्सी आमच्यातल्या निम्म्या पोरांकडे होती, आणि तो जानेवारी २०११ मध्ये चेल्सी या प्रतिस्पर्धी क्लबाकडे गेला. जर्सी कपाटाच्या तळाशी गेल्या, गाभारा होता तिथेच राहिला.

मी नाशिकचा आणि लिव्हरपूलचा. दीक्षा झाली २५ मे २००५ ला, आपल्या घड्याळात २६ तारीख लागली होती. इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, हाफ टाइमला इटलीचा मिलान क्लब ३-० पुढे. घरातले झोपून गेले, मी एकटा बसून राहिलो. दुसऱ्या हाफमध्ये सहा मिनिटांत तीन गोल झाले आणि पेनल्टीवर लिव्हरपूल जिंकलं. बसून राहिलो म्हणून पाहायला मिळालं. आमच्या धर्माचा पहिला नियम हाच की शिट्टी वाजेपर्यंत उठायचं नाही. मॅच हातातून गेली म्हणून चॅनेल बदलणाऱ्याला नंतरच्या आनंदात वाटा मागता येत नाही. आणि एकदा क्लब धरला की बदलायचा नाही. नोकरी बदला, शहर बदला, पण दर मोसमात जिंकणाऱ्याचा झेंडा हातात घेणाऱ्याला कोणताच पंथ आपला म्हणत नाही.

पंचवटीच्या गावात वाढलेल्या माणसाला वनवास चौदा वर्षांचा माहीत असतो. इंग्लंडच्या लीगच्या विजेतेपदासाठी लिव्हरपूलचा वनवास तीस वर्षांचा होता, १९९० ते २०२०. मधे २०१४ ला विजेतेपद अगदी हाताशी आलं होतं, तेव्हा चेल्सीविरुद्ध खुद्द कॅप्टन जेरार्डचा पाय घसरला आणि समोरच्याने गोल मारला. शेवटी विजेतेपद मिळालं ते लॉकडाऊनमध्ये, रिकाम्या स्टेडियममध्ये करंडक उचलून. तीस वर्षं थांबलेली माणसं घरात आणि करंडक मैदानात. तरी मला तो सगळ्यात मोठा सण वाटतो.

पूजेची वेळ ही नाशिकच्या भक्ताची खरी कसोटी. सप्टेंबर-ऑक्टोबरात चॅम्पियन्स लीगची मॅच आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळं तासभर मागे जातात, की मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत तीच मॅच दीडला. म्हणजे ऐन थंडीत, जेव्हा नाशिकला रजईतून हातसुद्धा बाहेर काढवत नाही, तेव्हाच आमचं जागरण लांबतं. गंगापूर रोडला एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही जमतो. आतल्या खोलीत काका-काकू झोपलेले असल्यामुळे आवाज अगदी बारीक. गोल झाला तरी ओरडायचं नाही. तोंडात उशी धरायची, मुठी आवळायच्या, एकमेकांना मिठ्या मारायच्या. फोन उलटे ठेवायचे, कारण मोबाइलवरचं प्रक्षेपण टीव्हीच्या मागे असतं किंवा पुढे, आणि कुणाच्या तरी ग्रुपवर गोल आधीच येऊन पडतो. एकदा आमच्याच डिफेंडरने आपल्या गोलमध्ये बॉल मारला तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे देवा" निघालं. काकू धडपडत बाहेर आल्या. "काय रे, कोण गेलं?" आम्ही म्हटलं, "काकू, मॅच गेली." त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि चहा टाकला.

प्रतिस्पर्धी क्लबांचं म्हणाल तर ते इतर आखाडे. सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात आणि वैष्णव इथे रामकुंडावर. कुणी कधी निघायचं, कोणत्या वाटेने, सगळं ठरलेलं. इंग्लंडमधल्या स्टेडियममध्येही पाहुण्या चाहत्यांना वेगळा स्टँड आणि वेगळं गेट असतं, आणि मोठ्या डर्बीला, म्हणजे शेजारच्या कट्टर प्रतिस्पर्ध्याशी असलेल्या मॅचला, कधीकधी मॅच संपल्यावर घरचे लोक पांगेपर्यंत त्यांना आत थांबवतात. ज्याला आखाड्यांची शिस्त ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

आमच्या पंथाचा स्मृतिदिन १५ एप्रिल. १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या स्पर्धेच्या सेमीफायनलला गर्दीत चेंगरून आमचे ९७ जण गेले. दोष त्यांच्यावरच ढकलला गेला. घरच्यांनी २७ वर्षं लढा दिला, आणि २०१६ मध्ये ज्युरीने सांगितलं की चाहत्यांची चूक नव्हती. त्या घरच्यांपेक्षा मोठे संत आमच्याकडे नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. देऊळ कोणाचं? एप्रिल २०२१ मध्ये युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी वेगळी सुपर लीग जाहीर केली. लिव्हरपूल त्यात होतं, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. चाहते रस्त्यावर उतरले आणि दोन दिवसांत इंग्लंडचे सहाही क्लब मागे हटले. त्याहून मोठी गोष्ट विम्बल्डनची. मालकांनी तो क्लब लंडनहून मिल्टन कीन्सला हलवायचं ठरवलं, २००२ मध्ये त्याला परवानगीही मिळाली. चाहत्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, खेळाडू निवडायला उघड्या माळावर चाचण्या घेतल्या, नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली आणि २०११ ला ते फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या व्यावसायिक विभागांत, पोचले. २०२० मध्ये प्लाऊ लेनवर, जुन्या मैदानाजवळच बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये परतले. विश्वस्त मूर्ती उचलून घेऊन गेले तरी देव भक्तांपाशीच राहिला. हा आमचा सिद्धांत, आणि मी तो पूर्ण मानतो.

आणि म्हणूनच नाशिकच्या शाखेबद्दल मला एक खंत आहे. आपण जागतो ते पडद्यासमोर. कोल्हापूरला बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल अशा तालमींचे संघ आहेत, पेठ आपल्या संघामागे उभी राहते आणि शाहू स्टेडियम भरतं. त्यांचा देव चालत जाण्याच्या अंतरावर आहे. आपल्याकडे पावसाळ्यात सुब्रोतो करंडकाच्या शालेय मॅच होतात तेव्हा कडेला क्रीडाशिक्षक, राखीव पोरं आणि डबा घेऊन आलेले दोन-चार पालक. चिखलात गुडघे फोडून घेणाऱ्या त्या पोरांना ओरडून नाव घेणारं कुणी नसतं, आणि लिव्हरपूलचा राखीव लेफ्ट बॅक कोण हे मात्र आपल्याला झोपेत सांगता येतं.

तेव्हा इथल्या शाखेसाठी मी एकच आज्ञा घालेन. मोसमात निदान एक शालेय मॅच कडेला उभं राहून, शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहायची. तिथे आवाजावर बंधन नाही, काकू झोपलेल्या नाहीत, पोटभर ओरडा. हाफ टाइमनंतर समोरच्या शाळेचा गोलकीपर तुमच्या बाजूला आला तर त्यालाही टाळ्या द्या. पाहुणा गोलकीपर कट्टर चाहत्यांच्या कॉप स्टँडसमोर आला की लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरही देतात, फार जुनी प्रथा आहे ती.