सणाचा दिवस ठरवतो कोण?

किरणोत्सव होऊन गेला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दरवर्षी तिथी आणि तारखा यांविषयीचे प्रश्न वाढतात. या वेळची चार पत्रे वेगवेगळ्या गावांहून आलेली असली तरी ती एकाच वाटेवरची आहेत, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सव ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर अशा ठरलेल्या इंग्रजी तारखांना होतो. देवीचे बाकीचे सगळे उत्सव तिथीने होत असताना हाच एक तारखेने का? जगात अन्यत्र असे काही घडते का?
(एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : तिथी ही चंद्राची मोजणी आहे आणि किरणोत्सवाशी चंद्राचा काहीही संबंध नाही. मूर्ती पश्चिमाभिमुख आहे. मावळतीची किरणे महाद्वारातून आत शिरून, गरुड मंडप ओलांडून, पितळी उंबऱ्यावरून गाभाऱ्यात जातात आणि तीन दिवसांत चरणांपासून मुखापर्यंत पोहोचतात. यासाठी सूर्य क्षितिजावर एका विशिष्ट बिंदूपाशीच मावळावा लागतो. हा बिंदू रोज सरकतो. पावसाळ्यानंतर तो दक्षिणेकडे जात राहतो, २१ डिसेंबरच्या सुमारास टोक गाठतो आणि तेथून मागे फिरतो. म्हणजे जाताना एकदा आणि परतताना एकदा, असा वर्षातून दोनदा सूर्य त्याच बिंदूवर मावळतो. आपण दिनदर्शिका घेऊन मोजून पाहावे : १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर हे अंतर ४१ दिवसांचे आहे आणि २१ डिसेंबर ते १ फेब्रुवारी हे ४२ दिवसांचे. दोन किरणोत्सव म्हणजे एकाच वाटेवरून सूर्याची जा आणि ये आहे. आपण ज्यांना इंग्रजी तारखा म्हणतो त्या मुळात सूर्याच्या वर्षाला बांधलेल्या असल्यामुळे किरणोत्सव त्यांच्याशी जुळतो, इतकेच. ढग आले किंवा किरणांच्या वाटेत एखादे बांधकाम उभे राहिले, तर मात्र दिनदर्शिकेचा काहीही उपयोग होत नाही, हे कोल्हापूरकरांना निराळे सांगायला नको.

असे अन्यत्रही घडते. इजिप्तमधील अबू सिंबेल येथील रामसेस दुसरा याचे डोंगरात कोरलेले मंदिर पूर्वाभिमुख आहे, त्यामुळे तेथे उगवतीची किरणे आत जातात, आणि तीही २२ ऑक्टोबर व २२ फेब्रुवारी अशी दोनदा. गाभाऱ्यात चार मूर्ती शेजारी शेजारी बसलेल्या आहेत. त्यांपैकी प्ताह हा पाताळाशी संबंध असलेला देव तेवढा अंधारातच राहतो. आस्वान धरणाच्या पाण्यात हे मंदिर बुडणार होते, म्हणून १९६४ ते १९६८ या काळात ते कापून, तुकड्यातुकड्यांनी उचलून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा उभारले गेले आणि त्या वेळी त्याची दिशा सांभाळली गेली. आयर्लंडमधील न्यूग्रेंज ही सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. तेथे दारावरच्या एका झरोक्यातून २१ डिसेंबरच्या आसपासची सूर्योदयाची किरणे लांब बोळातून आतल्या दालनापर्यंत जातात. सूर्याचे दक्षिणेकडचे टोकच तेथे धरलेले असल्यामुळे त्यांचा ‘किरणोत्सव’ वर्षातून एकदाच होतो. टोकावर जा आणि ये वेगळी राहत नाही.

या तिन्ही ठिकाणांचा एकमेकांशी संबंध जोडण्याचा मोह काहींना होतो. आमच्या मते त्याची गरज नाही. सूर्य सर्वांना सारखाच दिसतो आणि दगड रचणाऱ्या माणसाला दिशेचे भान सगळीकडेच होते.

प्रश्न : वडील सांगतात की त्यांच्या तरुणपणी रमजानचे रोजे ऐन मे महिन्यात यायचे. आता ते थंडीकडे सरकत आहेत. दिवाळी मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडत नाही आणि नाताळ तर जागचा हलत नाही. वर्गातल्या मुलांना हे कसे समजावावे?
(एक शिक्षिका, इचलकरंजी)

उत्तर : मुलांना तीन घड्याळांची कल्पना द्यावी. नाताळ सूर्याच्या घड्याळावर चालतो, रमजान निव्वळ चंद्राच्या आणि दिवाळी दोघांच्या मिळून. बारा चांद्रमासांचे वर्ष ३५४ दिवसांचे होते, सूर्याचे ३६५ दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक हिजरी कालगणनेत भरून काढला जात नाही, त्यामुळे रमजान दरवर्षी तेवढा अलीकडे येत साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्या वडिलांची आठवण अचूक आहे. १९८७ मध्ये रोजे मे महिन्यात होते आणि त्यानंतर ३३ वर्षांनी, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, ते पुन्हा एप्रिल-मे महिन्यांत आले.

आपल्या पंचांगात हाच फरक साचला की अधिक मास धरतात. ज्या चांद्रमासात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे ज्यात संक्रांत येत नाही, तो महिना अधिक. असे १९ वर्षांत सात महिने येतात. चिनी पंचांगाचा नियमही जवळजवळ हाच आहे आणि ज्यूंच्या पंचांगातही १९ वर्षांत सातच अधिक महिने धरतात. फक्त ते कधी धरायचे याचा हिशेब प्रत्येकाचा निराळा आहे. २०२३ मध्ये आपल्याकडे श्रावण अधिक होता, तर चीनमध्ये त्याच वर्षी दुसरा महिना दोनदा आला.

मुलांच्या हाती कागद-पेन्सिल द्यायची असेल तर कोल्हापूर भागातलेच एक उदाहरण आहे. गणेश चतुर्थी २०१८ मध्ये १३ सप्टेंबरला, २०१९ मध्ये २ सप्टेंबरला आणि २०२० मध्ये २२ ऑगस्टला होती. मोहरमचा दहावा दिवस त्याच वर्षी अनुक्रमे २१ सप्टेंबर, १० सप्टेंबर आणि ३० ऑगस्ट या दिवशी आला. दोन्ही सण दरवर्षी अकरा अकरा दिवसांनी मागे सरकले आणि त्यांच्यातले आठ दिवसांचे अंतर तसेच राहिले, कारण त्या तीन भाद्रपदांच्या दरम्यान एकही अधिक मास नव्हता. ज्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, तेथे सलग तीन वर्षे दोघांची आरास एकाच वेळी झाली. मग २०२० मध्ये अधिक आश्विन आला आणि वाटा फुटल्या : २०२१ मध्ये मोहरम २० ऑगस्टला होऊन गेला आणि गणपती १० सप्टेंबरला आले. असा योग याआधी १९८० च्या दशकाच्या मध्यात होता, पुढचा २०५० च्या सुमारास येईल. आज आपल्या वर्गात बसलेली मुले तेव्हा मंडळाचे कार्यकर्ते असतील.

ईस्टरविषयी आपण विचारलेले नाही, पण मुले विचारतील. २१ मार्च किंवा त्यानंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान हलत राहतो आणि त्याच्या दोन दिवस आधीची गुड फ्रायडेची सुट्टीही त्याच्याबरोबर हलते.

प्रश्न : थायलंडमधील सोंगक्रान हा पाण्याचा सण म्हणजे आपली संक्रांत, असा संदेश मोबाइलवर फिरतो आहे. हे खरे असेल तर तो जानेवारीत न येता एप्रिलमध्ये का येतो?
(एक वाचक, गडहिंग्लज)

उत्तर : आम्ही असे संदेश सहसा बाजूला ठेवतो, पण या वेळी त्यात तथ्य आहे. सोंगक्रान हा शब्द ‘संक्रांती’ या संस्कृत शब्दावरूनच आला आहे. मात्र संक्रांती वर्षातून बारा होतात. आपण तिळगूळ देतो ती मकर संक्रांत आणि थायलंडमध्ये पाळतात ती मेष संक्रांत. याच मेष संक्रांतीला पंजाबात वैशाखी, तमिळनाडूत पुथांडू आणि श्रीलंकेत सिंहली नववर्ष असते. थायलंडने १९४१ पासून सरकारी वर्षारंभ १ जानेवारीला नेला, तरी सोंगक्रान टिकला. त्याच्या १३ ते १५ एप्रिल या तारखा आता पक्क्या केल्या आहेत आणि २०२३ मध्ये युनेस्कोने त्याची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्या दिवशी बुद्धमूर्तीला स्नान घालतात, वडीलधाऱ्यांच्या हातांवर सुगंधी पाणी ओततात. रस्त्यावरची पाण्याची मारामारी हा त्याचाच पुढचा अवतार आहे. रंगपंचमीला शहरात फिरलेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही.

तारीख पक्की करण्यात एक गोम आहे. राशींवर आधारलेले आपले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे आहे, त्यामुळे संक्रांत साधारण ७१ वर्षांत एक दिवस पुढे जाते. अलीकडे मकर संक्रांत अधूनमधून १५ जानेवारीला येऊ लागली आहे, ती याच कारणाने. सोंगक्रान मात्र १३ एप्रिललाच थांबून राहील.

शब्द सारखा आणि राशींचे गणितही सारखे, म्हणून येथे उसनवारी ठामपणे म्हणता येते. याउलट, त्रिपुरारी पौर्णिमेला आपण पंचगंगा घाटावर पणत्या लावतो आणि बहुतेक वर्षी त्याच पौर्णिमेला थायलंडमध्ये लोय क्राथोंगचे दिवे पाण्यात सोडतात, एवढ्यावरून एकाने दुसऱ्याचे घेतले असे आम्ही म्हणणार नाही. पावसाळा संपून नदी शांत झाली आणि आभाळ निवळले की पाण्याकाठी दिवा लावावासा कोणालाही वाटेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत कोजागरी सोयीच्या शनिवारी करावी असा ठराव येतो आहे. ज्येष्ठांचा विरोध आहे. असे जगात कोणी करते का?
(एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : करतात. जपानने १८७३ मध्ये जुने पंचांग सोडून ग्रेगरियन दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा ओबोन या पितरांच्या सणाच्या तीन वाटा झाल्या. तो मूळचा सातव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेचा. टोकियोत तो १५ जुलैच्या सुमारास होऊ लागला, देशाच्या बहुतेक भागांत १५ ऑगस्टच्या सुमारास, आणि ओकिनावात अजूनही चंद्र पाहूनच होतो. पितर तिन्ही तारखांना येतात, असेच तेथे मानले जाते. कोरियाने मात्र छुसॉक हा सुगीचा सण आठव्या चांद्रमासाच्या पौर्णिमेवरच ठेवला आणि सरकारी सुट्ट्या त्याच्यामागे फिरतात. हा सण एरवी आपल्या भाद्रपदाच्या पौर्णिमेला येतो, पण २०२५ मध्ये त्यांच्या पंचांगात अधिक महिना आल्यामुळे तो नेमका आपल्या कोजागरीला, ६ ऑक्टोबरला आला.

आमचे मत विचाराल तर ओबोनची तारीख हलवता येते, कोजागरीची हलवणे अवघड आहे, कारण तिचा यजमान चंद्रच आहे. तरीही शनिवारच करायचा असेल, तर तो पौर्णिमेच्या आधीचा निवडावा, नंतरचा नको. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेनंतर चार दिवसांनी गच्चीवर जमलात तर तो नऊ-साडेनऊपर्यंत दिसणारच नाही आणि दूध निवून जाईल. तीन दिवस आधी जमलात तर तो थोडा अपुरा असेल, पण रात्री साडेनऊच्या सुमारास बरोबर डोक्यावर येईल आणि मुले जागी असतानाच पातेल्यात दिसेल.