गाडीचा फुल इन्शुरन्स आहे, मग आतल्या मालाचा वेगळा कशाला?

लागतो हो, गाडीची पॉलिसी गाडीपुरती असते, आत भरलेला माल त्यात सहसा धरत नाहीत. आणि ट्रान्सपोर्टवाला भरून देईल म्हणून बसाल तर त्याची जबाबदारी बऱ्याचदा वजनावर ठरते, म्हणजे बघा युरोपातल्या आंतरराष्ट्रीय रोड वाहतुकीचा सीएमआर करार साधारणपणे किलोला 8.33 एसडीआरवर थांबतो (एसडीआर म्हणजे आयएमएफचं हिशोबाचं एकक), मग आत मोबाईल असोत नाहीतर विटा.

पॉलिसी घेताना क्लॉज कुठला ते आधी बघा. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉज (मालाच्या विम्याच्या ठरलेल्या अटी) सी स्वस्त पडतो पण त्यात आग, टक्कर, गाडी उलटणं असलंच काही असतं, चोरी नाही. क्लॉज ए सगळ्यात जास्त कव्हर देतो, तरी खराब पॅकिंग आणि उशिरामुळे झालेलं नुकसान त्यातही नाही.

खरी गंमत डिलिव्हरीला होते, घाईत पावतीवर नुसती सही ठोकतात आणि मग क्लेमला बोंब. सहीच्या आधी तिथेच लिहायचं, ‘2 खोके ओले, सील तुटलेलं’, फोटो काढायचे, आणि सर्व्हेअर (नुकसान तपासणारा माणूस) येईपर्यंत खोकी फेकायची नाहीत. गाडीच ट्रेलरवरून पाठवत असाल तर चढवताना ओरखडे नोंदवून घ्या, डिकीतलं सामान बहुतेक कव्हर होत नाही.