सौदा लातूरचा, अधिसूचना दिल्लीची : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

हंगाम तोंडावर आला की एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांहून येतो. भाव जगात ठरतो, कंपन्या जगभर फिरतात, मग सरकार नावाच्या गोष्टीत उरलं काय? हा समज अर्धा खरा आहे. अर्धा खरा असल्यानेच त्यापायी जास्त नुकसान होतं, म्हणून या वेळी आलेल्या प्रश्नांची उत्तरं एकत्रच देतो.

शिकागोला सोयाबीन पडलं की लातूरचा सौदा लगेच खाली येतो. आपला माल तर अमेरिकेला जात नाही, मग असं का? (औसा)

सोयाबीन जात नाही, पण तेल येतं आणि पेंड जाते. क्विंटलभर सोयाबीन गाळलं की साधारण १८ किलो तेल आणि ८० ते ८२ किलो पेंड निघते. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. बंदरावर उतरलेलं तेल स्वस्त पडत असेल तर कारखानदार आडतीवर चढा दर कशाला देईल? पेंडीचंही तसंच. परदेशी गिऱ्हाइकाला अर्जेंटिनाची पेंड परवडली की आपली इथंच पडून राहते. त्यात मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा सुका चोथा, म्हणजे डीडीजीएस, आता कोंबडीखाद्यात पेंडीची जागा खातो आहे. म्हणून नुसत्या तेलाच्या तेजीवर सोयाबीन चढत नाही.

मोबाइलवर दिसणारा शिकागोच्या वायदेबाजाराचा आकडा बुशेलला इतके सेंट असा असतो. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७.२ किलो, म्हणजे क्विंटलला ३.६७ बुशेल. १,००० सेंट म्हणजे १० डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर क्विंटलला साधारण ३,१२० रुपये होतात. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाशेजारी हा आकडा ठेवून घाबरायचं कारण नाही. तो तिथल्या, बहुतांशी जनुकीय बदल केलेल्या बियाचा भाव आहे आणि तसं बी आयात करायला आपल्याकडे परवानगी नाही. आणखी एक गोष्ट आहे. शेअर आणि वायदेबाजारावर नियंत्रण ठेवणाऱ्या सेबीने २० डिसेंबर २०२१ ला सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुन्हा पुन्हा वाढवली. घरचा वायदा बंद झाल्यावर शिकागोच्या आकड्याला नको तेवढं वजन आलं. तिकडे दोन टक्के पडलं आणि इकडे सहा टक्के, तर उरलेले चार टक्के कशाचे, हे आडतदाराला विचाराच. बहुतेक वेळा ते ओलीचे किंवा आवकेचे निघतात.

डॉलर महागला की शेतकऱ्याचा फायदा होतो का? (निलंगा)

माल विकताना होतो, डीएपी-पोटॅश आणि डिझेल घेताना उलटा फटका बसतो.

डब्ल्यूटीओने भारताला हमीभाव बंद करायला सांगितलंय, असा मेसेज फिरतोय. खरं का? (उदगीर)

नाही. पुढे पाठवू नका.

१ जानेवारी १९९५ ला सुरू झालेल्या या जागतिक व्यापार संघटनेच्या शेती करारात हमीभावावर बंदी नाही, मर्यादा आहे. विकसनशील देशासाठी एखाद्या पिकाच्या एकूण उत्पादन-मूल्याच्या १० टक्के. अन्याय आहे तो मोजण्याच्या पद्धतीत. आजच्या हमीभावाची तुलना १९८६-८८ च्या गोठवलेल्या संदर्भ-किमतीशी होते, त्यामुळे अनुदान फुगलेलं दिसतं. यावर भांडायला जागा आहे आणि भारत भांडतोही.

करार मोडल्याचा निकाल लागला तर काय होतं? उसाचं उदाहरण घ्या. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाच्या तक्रारीवर डिसेंबर २०२१ मध्ये पंचमंडळाने भारताविरुद्ध निकाल दिला. त्यात एफआरपीचाही, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराचाही हिशेब होता. भारताने त्यावर अपील केलं. पण अपील ऐकणारी यंत्रणाच डिसेंबर २०१९ पासून बंद आहे, कारण नव्या सदस्यांच्या नेमणुका अमेरिकेने अडवल्या. एफआरपी चालूच राहिला. तेव्हा ‘जिनिव्हाने (म्हणजे डब्ल्यूटीओने) सांगितलं म्हणून झालं’ असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे निकालाचा कागद मागा.

सरकारला करायचं असलं तरी जागतिक करारांमुळे हात बांधलेत ना? मग आयात शुल्कावर ओरडून उपयोग काय? (भोकरदन)

हात बांधलेले नाहीत. हेच वारंवार लिहावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भारताने दिलेल्या बांधिलकीनुसार पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत आणि सोयातेलावर ४५ टक्क्यांपर्यंत शुल्क लावता येतं. प्रत्यक्षात किती लावायचं ते दिल्ली ठरवते. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम २५ खाली सूट द्यायला एक अधिसूचना पुरते. संसदेत चर्चा लागत नाही, संध्याकाळी निघते आणि रात्री बारापासून लागू होते. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलाचं मूळ शुल्क शून्यावरून २० टक्के झालं. मे २०२५ च्या अखेरीस, म्हणजे पेरणीच्या तोंडावर, ते १० टक्क्यांवर आलं. हिशेब असा: मूळ १० अधिक कृषी उपकर ५ मिळून १५, त्यावर दहा टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे १.५, एकूण १६.५ टक्के. आधी हाच आकडा २७.५ होता. शुद्ध तेलावर ३५.७५ कायम ठेवलं, म्हणजे इथल्या रिफायनरीला संरक्षण मिळालं. बी पिकवणाऱ्याचं संरक्षण मात्र कमी झालं.

कापसाचं बघा. २०२१ च्या अर्थसंकल्पात ११ टक्के शुल्क बसलं. २०२२ मध्ये एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत ते माफ होतं. १९ ऑगस्ट २०२५ ला पुन्हा माफ झालं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. त्याच ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेने भारतीय मालावरचं वाढीव शुल्क ५० टक्क्यांवर नेलं होतं आणि कापड गिरण्यांना स्वस्त रुई हवी होती. गिरण्यांची अडचण खरी होती. पण माफीची वाढवलेली मुदत ऑक्टोबर ते डिसेंबर, म्हणजे नेमकी आपल्याकडच्या पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या महिन्यांवर आली. २०२१ च्या ऑगस्टातही असंच झालं. सोयाबीन दहा हजारांच्या आसपास असताना, काढणीच्या आधी, जनुकीय बदल केलेल्या बियाच्या १२ लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी मिळाली.

यात राज्यसंस्था दुबळी कुठे दिसते? ती पूर्ण ताकदीने चालते आहे. फक्त ताकद कुणाच्या बाजूने आणि कोणत्या महिन्यात वापरायची, हे ठरवताना गिरणी, रिफायनरी आणि शहरातली महागाई यांचं म्हणणं आधी पोचतं. ‘जग ठरवतं’ असं म्हटलं की ही निवड नजरेआड होते आणि जाब विचारायला कुणीच उरत नाही. माझी सगळ्यात मोठी काळजी हीच आहे.

म्हणून बातमीवर थांबू नका, अधिसूचना काढून वाचा. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर ती मिळते. क्रमांक आणि तारीख बघा. मालाचा चार आकडी शुल्क-क्रमांक (शीर्षक) बघा: सोयातेल १५०७, पामतेल १५११, सूर्यफूल १५१२, रुई ५२०१, डाळी ०७१३. कमी झालं ते मूळ शुल्क की उपकर, आणि कुठल्या तारखेपर्यंत, हेही बघा. निवेदन देताना ‘शुल्क वाढवा’ एवढंच लिहून चालत नाही. अमुक क्रमांकाची सूट अमुक तारखेनंतर वाढवू नये, असं लिहा आणि ते मुदत संपायच्या महिनाभर आधी द्या. मुदतवाढ निघाल्यावर काढलेला मोर्चा उशिराचा असतो.

आणि या चर्चेत हमीभाव खरेदीची नोंदणी घालवू नका. ई-पीक पाहणीची नोंद असलेला सातबारा आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवा. सोयाबीनला ओल १२ टक्क्यांच्या आत लागते. कापसाला ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण दर, त्यावर १२ पर्यंत कपात, पुढे माल परत. केंद्राचे नियम हंगामागणिक बदलतात. गाडी भरण्याआधी खरेदी केंद्रावर किंवा बाजार समितीच्या सचिवांकडे विचारा.

‘राष्ट्र-राज्याचा ऱ्हास’ असा प्रश्न आला तर स्पर्धा परीक्षेत नेमकं काय लिहावं? (छत्रपती संभाजीनगर)

‘जागतिकीकरणामुळे राष्ट्र-राज्य संपत आहे’ हे क्लासच्या नोट्समधलं वाक्य आहे, ते लिहू नका. कर, चलन, सीमा आणि न्याय हे राज्याचे चार अधिकार वेगवेगळे तपासा.

कराच्या बाबतीत राज्य मागे हटलं होतं. नफा कमी कराच्या देशात दाखवायची सोय कंपन्यांना मिळाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये १३६ देशांनी ७५ कोटी युरोंवर उलाढाल असलेल्या समूहांना किमान १५ टक्के कर मान्य केला. पण जून २०२५ मध्ये जी-७ ने अमेरिकी समूहांना त्यातून सवलत द्यायचं ठरवलं. सगळी राज्यं सारखी दुबळी नसतात, हा मुद्दा इथे मांडा. न्यायासाठी व्होडाफोन या परदेशी मोबाइल कंपनीचा करवाद घ्या. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सरकार हरलं, मग कायदा पूर्वलक्षी प्रभावाने बदलला. सप्टेंबर २०२० मध्ये हेगच्या लवादात सरकार पुन्हा हरलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तो कायदा मागे घेतला. दुसऱ्या बाजूला उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आणि अमेरिकेचा २०२२ चा चिप कायदा ठेवा. इथं राज्य भांडवलाला पैसे देऊन बोलावतं आणि अटी घालतं. तुमच्याच शहराजवळच्या ऑरिकमध्ये, म्हणजे शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक शहरात, सरकारी कंपनी रस्ते-पाणी पुरवून भूखंड देते, तेही लिहा.

इतिहासही घाला. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. हाली सिक्का हे संस्थानाचं चलन वेगळं होतं, सात हाली रुपयांचे सहा कलदार (ब्रिटिश भारताचे रुपये) मिळायचे आणि हद्दीवर करोडगिरी, म्हणजे जकात, द्यावी लागे. राज्याची हद्द आणि चलन एका पिढीत बदलल्याचं याहून जवळचं उदाहरण तुम्हाला मिळणार नाही. मांडणी मात्र तुमच्या प्राध्यापकांकडून एकदा तपासून घ्या.

टेलिग्राम ग्रुपवर डॉलर-युरोच्या ट्रेडिंगमध्ये महिन्याला दहा टक्के देतात. ‘जग एक बाजार झालाय, परवानगी लागत नाही’ म्हणतात. (परभणी)

परवानगी लागते. फेमा, १९९९ (परकीय चलन व्यवस्थापन कायदा) खाली असा व्यवहार फक्त अधिकृत व्यक्तींशी आणि मान्यताप्राप्त एक्स्चेंज किंवा मंचावरच करता येतो. रिझर्व्ह बँकेची सावधानतेची यादी बघा, पण यादीत नाव नाही म्हणजे परवानगी आहे असा अर्थ काढू नका. खात्यावर नफा ‘दिसतो’ आणि काढायला गेलं की आधी कर भरा म्हणतात, तिथेच फसवणूक ओळखा. पैसे गेले असतील तर आजच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला लेखी कळवा. आठवडाभर थांबून ग्रुप ॲडमिनची समजूत काढत बसू नका.

मुलगा अंबाजोगाईत बसून अमेरिकी कंपनीचं काम करतो, डॉलरमध्ये पैसे येतात. कर कुठला? (अंबाजोगाई)

इथला. वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिला तर तो निवासी ठरतो आणि त्याचं जगभरचं उत्पन्न इथं करपात्र होतं. स्वतंत्र सेवा देत असेल आणि उलाढाल २० लाखांवर गेली तर जीएसटी नोंदणी लागेल. सेवा-निर्यातीवर शून्य दर आहे, पण त्यासाठी दर आर्थिक वर्षी हमीपत्र भरावं लागतं. कंपनी डब्ल्यू-८बेन फॉर्म (आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे तिथल्या करासाठी सांगणारा) मागेल, तो भरून द्यावा. बाकी सीएला दाखवा, आणि मार्च उजाडायच्या आत दाखवा.

बिडकीनला मोठी परदेशी कंपनी येणार म्हणून एजंट आसपासची जमीन घ्यायला सांगतोय. घ्यावी का? (पैठण)

सामंजस्य करार म्हणजे भूखंडवाटप नव्हे, वाटप म्हणजे कारखाना नव्हे. एजंट मात्र तिन्हींचा एकच भाव सांगतो. आधी सातबारा, फेरफार आणि विकास आराखड्यातला झोन बघा. दुय्यम निबंधक कार्यालयातून तीस वर्षांचा शोध-अहवाल वकिलाकडून काढून घ्या. तोवर इसारही देऊ नका.